भोईर सर आणि तयार कॉम्प्युटर

ज्यांच्यामुळे मी शिकलो त्यांचं नाव जनार्दन भोईर. मुरबाडच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. आज मी ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका शोधण्याचं काम करतो. यात माझी मेहनत आहे, नाही असं नाही, पण त्या मेहनतीला दिशा सरांनी दिली. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता लिहितोय, पण लिहायला हवं होतं त्याहून वेगळंच लिहावं लागतंय.

सर राहायला शहाडला. सकाळी फाट्यावर उभे राहून मुरबाडची एसटी पकडायचे आणि बसायला जागा मिळाली तरी दारापाशी उभे राहायचे, कारण तिथून ड्रायव्हरचा गिअर दिसतो. पांढरा हाफशर्ट, खिशात पेन आणि पेनाला लागून टेस्टर. धोब्याकडून आलेल्या शर्टावरही त्या टेस्टरच्या गंजाचा डाग असायचा. डबा उभ्यानेच खायचे. कोणतीही नवी वस्तू हातात आली की आधी उलटी करून तिचे स्क्रू बघायचे. घड्याळ असो, पंखा असो, इस्त्री असो. "उघडल्याशिवाय वस्तू आपली होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शाळेला एका ट्रस्टने कॉम्प्युटर दिला तेव्हा मी आठवीत होतो. हेडमास्तरांनी त्याला हार घातला, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि खोलीला कुलूप लावलं. आम्ही खिडकीतून बघायचो. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी चावी मागून घेतली, आम्हाला आत घेतलं, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि कॅबिनेटचं झाकण उघडून टेबलावर आडवं केलं. स्क्रू पडू नयेत म्हणून त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण खाली धरायला दिलं. ते माझ्या हातात होतं. प्रत्येकाने प्रत्येक भागाला बोट लावायचं, असा हुकूम होता. तेवढ्यात हेडमास्तर आले.

"भोईर! अहो गॅरंटी गेली ना!"

"गॅरंटी गेली सर," भोईर सर शांतपणे म्हणाले, "पण यांची भीतीही गेली."

हेडमास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. कॉम्प्युटर मात्र चालू राहिला, कारण बिघडला की दुरुस्त करणारा माणूस शाळेतच होता.

त्यांची दुसरी सवय म्हणजे दोन बाजू लिहिण्याची. कोणताही प्रश्न आला की फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे 'बाजूने', उजवीकडे 'विरुद्ध'. सहल कुठे न्यायची इथपासून वर्गातल्या भांडणात कोणाचं चुकलं इथपर्यंत सगळं त्या रेघेच्या दोन्ही अंगांना जायचं. बारावीनंतर मी इंजिनीअरिंगला जावं की वडिलांच्या कारखान्यात चिकटावं, हे ठरवायला ते आमच्या घरी आले. फळा नव्हता, म्हणून ओट्याखालचा कोळसा घेऊन त्यांनी शहाबादी फरशीवरच रेघ ओढली. आई बघतच राहिली. 'विरुद्ध' खाली ओळींवर ओळी झाल्या. फी, खोलीचं भाडं, इंग्रजी, पहिल्या वर्षी नापास होण्याची शक्यता, धाकट्या बहिणीचं लग्न. 'बाजूने' खाली एकच ओळ होती: मुलाला आवडतं.

वडील म्हणाले, "सर, हे तर झालंच की मग. वाचूनच कळतंय."

सरांनी कोळसा खाली ठेवला. "यादी लांब आहे म्हणून जड असेल असं नाही," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते रजा टाकून माझ्याबरोबर प्रवेशाच्या रांगेत उभे होते.

कॉलेजची चार वर्षं आणि पुढे नोकरी लागल्यावरही मी रविवारी सरांच्या घरी जेवलो. शहाडला पुलाच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावरचं घर, इमारतीला लिफ्ट नाही. काकू मूळच्या शीळफाट्याकडच्या, आगरी घरातल्या. पानात भात वाढता वाढता त्या सरांची तक्रार करायच्या. "किशोर, तू तरी सांग बाला यांना. आमचे घरान मिक्सर पन खोलल्याबिगर वापरत नाय."

आणि घरात साहिल होता. सरांचा एकुलता एक मुलगा. लहानपणीच त्याला स्नायूंचा आजार असल्याचं कळलं होतं. आधी पाय गेले, मग पाठ. दहावीनंतर तो खाली उतरलाच नाही असं म्हणायला हरकत नाही, कारण त्याला खुर्चीसकट उचलून जिने उतरायचे तर चार माणसं लागायची. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सरांना फार पूर्वीच सांगून टाकलं होतं. सरांनी त्यावर माझ्याशी कधी एक शब्द काढला नाही. मला ते काकूंकडून कळलं, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडून.

साहिल मात्र तोंडाने खमक्या होता. मी आत शिरलो की सुरू व्हायचा. "काय दादा, प्रमोशन झालं, का अजून दुसऱ्यांच्या चुकाच शोधतोयस?"

त्याचं जग म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्यावर तो बस चालवण्याचा गेम खेळायचा. घाटरस्ते, प्रवासी, तिकिटं, सगळं खरं वाटावं असं. त्याचे तीन-चार मित्र, एक डोंबिवलीचा, एक नाशिकचा, बाकीचे कुठले कोण जाणे, आपापल्या घरून आपापली बस घेऊन त्याच रस्त्यावर यायचे आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून एकमेकांना शिव्या द्यायचे. पण लॅपटॉप दमला होता. ऐन वळणावर चित्र अडकायचं आणि साहिलची बस दरीत जायची.

"माझ्या गाडीत कोणी बसत नाय आता," तो मला म्हणाला. "बदनाम झालोय मी. दादा, मला गेमिंगचा तयार डेस्कटॉप पाहिजे. ठाण्याला शोरूममध्ये असतो बघ, आणला, वायर लावली, चालू. बाबांना सांग ना. हात चालतायत तोवर खेळून घेतो."

शेवटचं वाक्य त्याने अगदी सहज म्हटलं. त्याचा उजवा हात तेव्हा कीबोर्डवर ठीक चालत होता, डावा जरा संथ.

सरांनी विषय ऐकून घेतला आणि कपाटामागून गुंडाळीचा फळा काढला. मधोमध रेघ. साहिल म्हणाला, "घ्या, बसलं कोर्ट."

तो वाद मला शब्दन् शब्द आठवतो, कारण मी 'इंजिनीअर साहेब' म्हणून साक्षीला होतो. डावी बाजू साहिलने भरली. सगळे भाग एकमेकांशी जुळलेले येतात. जुळत नाही म्हणून दुकानात खेटे घालायला नकोत. सगळ्या डब्याला मिळून एकच वॉरंटी, बिघडला तर एकाच माणसाला फोन. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उद्या सांगितला तर परवा घरात. मी एक ओळ वाढवली, की गेमचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या ग्राफिक कार्डाचा तुटवडा असला की कंपन्यांकडे ते असतं, सुटं मात्र बाजारात मिळत नाही.

उजवी बाजू सरांची. पॉवर सप्लाय हलका घालतात, कारण तो बाहेरून दिसत नाही. रॅमची एकच पट्टी लावतात. पुढून काच आणि दिवे, पण हवा आत शिरायला वाट ठेवत नाहीत, मग आतलं तापतं. मदरबोर्ड कंपनीचा स्वतःच्या मापाचा, त्यामुळे दुसरा बसत नाही. वर सील. उघडलं की वॉरंटी संपली. मी मनात म्हटलं, यातलं एकही खोटं नाही.

"आणि मुख्य म्हणजे," सर खडू हातात धरून म्हणाले, "तो पुढे वाढवता येत नाही. आज भागेल. पण तीन-चार वर्षांनी नवा गेम आला, तेव्हा काय?"

"बाबा," साहिल म्हणाला, "माझं पण अपग्रेड नाय आलेलं अजून."

काकू ताटं उचलत होत्या, त्या तशाच आत गेल्या. सरांनी 'पुढे वाढवता येत नाही' या ओळीखाली जाड रेघ मारली आणि फळा गुंडाळला.

तरी उन्हाळ्यातल्या एका शनिवारी ते ठाण्याला आले. मी त्यांना माजिवड्याच्या शोरूममध्ये घेऊन गेलो. काचेचं अंग असलेले काळे डबे ओळीने मांडले होते, आतले पंखे निळे-जांभळे चमकत होते. सरांनी खिशातून बॅटरी काढली आणि गुडघ्यांवर बसून मागच्या जाळीतून आत बघायला लागले. विकणारा पोरगा उत्साही होता.

"काका, लाइटचे कलर बघा ना. मोबाइलवरून चेंज होतात."

"पॉवर सप्लाय कोणाचा आहे?"

"कंपनीचाच काका. सगळं कंपनीचंच."

"उघडून दाखवता का?"

"सील आहे काका. तोडलं तर वॉरंटी जाईल." मग तो माझ्याकडे बघून हसला. "काकांना खेळायला पाहिजे का खोलायला?"

मी चिडलो, पण सर चिडले नाहीत. त्यांनी त्या सीलवरून अंगठा फिरवला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस घेतला. मी धीर करून म्हणालो, "सर, तयार घेऊ या. उणिवा आहेत, मान्य. पण साहिलला आत्ता मिळेल."

"तू पण?" ते म्हणाले. रागाने नाही. ग्लास त्यांनी अर्धा तसाच ठेवला होता. "किशोर, ते यंत्र ज्याने बनवलंय त्याने ठरवून टाकलंय, की यात पुढे काही बदलायचं नाही. हे आहे ते एवढंच, आणि एवढंच राहणार. मी ते पैसे देऊन घरात कसं आणू?"

ते कॉम्प्युटरबद्दल बोलत नव्हते हे मला कळलं. मी रसवाल्याला ग्लास परत दिले.

मग पावसाळाभर सरांनी कॉम्प्युटर जुळवला. कॅबिनेट असं निवडलं की त्यात आणखी दोन माणसं राहतील. मदरबोर्ड असा, की पुढच्या पिढीचे भागही त्यावर बसावेत. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा कितीतरी मोठा. पहिला मदरबोर्ड वाकलेल्या पिनेचा निघाला, तो परत गेला. ग्राफिक कार्ड 'पुढच्या आठवड्यात येतंय' म्हणून कल्याणचा दुकानदार सांगत राहिला, आणि ते आलं तेव्हा सरांना कळलं की नवं येतंय, मग ते नव्यासाठी थांबले. मी दर रविवारी जायचो. बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर सगळे भाग नीट ओळीत, आणि सर मांडी घालून मधे. इतकं गुंतलेलं मी त्यांना शाळेतही पाहिलं नव्हतं.

गणपतीच्या आसपास एकदा सर दुकानात गेलेले असताना साहिलने मला जवळ बोलावलं. "हे बघ," तो म्हणाला. त्याने उजवा हात कीबोर्डवर ठेवला होता. तर्जनी उचलायचा तो प्रयत्न करत होता. ती थरथरली आणि तिथेच राहिली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. डाव्याने दाखवतो बाबांना काहीतरी. त्यांचं लक्ष स्क्रूमध्ये असतं."

"साहिल, मी आजच सांगतो सरांना. ठाण्याहून संध्याकाळपर्यंत तयार डबा आणतो."

"येडा झालास का?" तो एकदम म्हणाला. "आता आणून काय करशील? नको सांगू. त्यांना बनवू दे." मग हळू आवाजात, "त्यांना काहीतरी उघडून दुरुस्त करायला लागतं रे. मला उघडून बघता येत नाही ना त्यांना."

दाराशी सरांच्या चपलांचा आवाज आला. साहिलने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि ओरडला, "काय बाबा, आलं का कार्ड? का दुकानदाराने परत टोपी घातली?"

दसऱ्याला कॉम्प्युटर पूर्ण झाला. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, शेजारी सरांची स्क्रूड्रायव्हरं मांडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना आराम असतो, पण सर थांबायला तयार नव्हते. त्यांनी बटण दाबलं. एक पंखा हळूच फिरला आणि पडदा उजळला. पहिल्या फटक्यात. मग तो गेम लावला. ओला घाट, काचेवर थेंब, कठड्यावरचं शेवाळसुद्धा दिसत होतं. कुठेही अडकत नव्हतं.

सरांनी कीबोर्ड साहिलच्या मांडीवर ठेवला. "चालव."

साहिलने काही वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही चालवा. मी सांगतो."

सरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला, एकेक बोट सरळ करून पाहिलं, आणि ते सोडल्यावर आपोआप मिटताना पाहिलं. कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"डावीकडे घ्या. अहो, डावीकडे! ब्रेक, बाबा, ब्रेक!"

बस कठडा तोडून दरीत गेली. हेडफोनमधून कोणीतरी ओरडलं, इतकं मोठ्याने की ते आम्हालाही ऐकू आलं. "अबे कोण चालवतंय?"

"नवीन ड्रायव्हर ठेवलाय," साहिल म्हणाला. "शाळेत मास्तर होता. गाडीचं इंजिन खोलून देईल, पण चालवता येत नाय."

सर हसले. बस पुन्हा वर आणली, पुन्हा पाडली. त्या संध्याकाळी आणि पुढे दीड-दोन महिने तो असाच खेळला, वडिलांच्या हातांनी. हिवाळ्यात त्याला कफ झाला, तो छातीत उतरला. हॉस्पिटलातून तो घरी आला नाही.

दिवस-कार्य झाल्यावर मी एका दुपारी शहाडला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि बोटाने आतल्या खोलीकडे दाखवलं. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर एका स्टँडमध्ये बस उभी होती, इंजिन चालू, दार उघडं. समोर सर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. कशालाच हात लावत नव्हते. शर्टाच्या खिशात पेन नव्हतं, टेस्टरही नव्हता.

"बंद ठेवला की दमट हवेने खराब होतो," ते म्हणाले. "म्हणून लावतो रोज थोडा वेळ."

मी बसलो. ते माझ्याकडे न बघता बोलले. "तू मला एक सांग. तयार घेतला असता, तर त्याला खेळायला किती दिवस मिळाले असते? आणि त्याची बोटं कधी गेली, तुला माहीत होतं का? आत्ता नको सांगूस. तोंडावर तू माझी समजूत घालशील. घरी जाऊन लिही. शिकवलंय मी तुला लिहायला."

मी निघालो तेव्हाही ते तसेच बसून होते. त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं. मध्ये रेघ ओढून बघितली, पण जमलं नाही, म्हणून साधंच लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर दोन-तीन महिने असं आहे. उन्हाळ्यात तयार घेतला असता तर साहिल निदान श्रावणापर्यंत स्वतःच्या हाताने चालवू शकला असता. त्या डब्याच्या उणिवा तुम्ही सांगितल्या त्या सगळ्या खऱ्या होत्या, पण तेवढे दिवस तो नक्की चालला असता. हे मी फिरवून लिहू शकत नाही.

दुसऱ्याचं उत्तर, हो, मला माहीत होतं. गणपतीच्या सुमारास त्याने मला बोट दाखवलं. तुम्हाला सांगू नको म्हणाला. बाबांना बनवू दे म्हणाला. तुम्ही आता विचारलंत, म्हणून सांगतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. हॉस्पिटलात मी त्याच्यापाशी बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, बाबा काम करताना शीळ घालतात हे मला माहीतच नव्हतं. पावसाळाभर तो आतल्या खोलीत पडून ती ऐकत होता. गाणं कुठलं ते त्याला ओळखू येत नव्हतं. मला म्हणाला, विचारून ठेव.

म्हणून जे झालं ते बरं झालं, असं मी म्हणत नाही सर. त्याला खेळायचंही होतं. दोन्ही खरं आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही मला इतकं शिकवलंत, तरी नाही कळत.

काकूंना नमस्कार. रविवारी जेवायला येतो. गाणं कुठलं होतं ते सांगा.

तुमचा विद्यार्थी,
किशोर